पंखवाल्या कवटीची गोष्ट

(आमच्या रेडिओ केंद्रावरच्या 'चावडीवरच्या बायका' या कार्यक्रमातलं भाषण)

कुणाची दुपारची भांडी आवरली असतील, कुणी शेंगा फोडत बसल्या असाल, कुणी रानात बांधावर मोबाईल ठेवून ऐकत असाल.

आजचा विषय जरा लांबचा आहे. पार कॅनडातला. पण तो आमच्याकडे आला कसा, ते आधी सांगतो.

गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात आमच्यातल्या एका काकूंनी पिशवीतून काळा टी-शर्ट काढला आणि मधोमध सतरंजीवर टाकला. त्यावर पंख लावलेली एक कवटी आणि खाली आकडा, ८१. काकू म्हणाल्या, "माझा नातू अकरावीला तालुक्याला जातो. हे भूत छातीवर घेऊन हिंडतोय. ह्याचा अर्थ काय, मला कुणीतरी सांगा."

आधी आम्ही हसलो. आठवडी बाजारात असले शर्ट ढिगानं येतात, दीडशेला एक. कुणाच्या छातीवर वाघ असतो, कुणाच्या इंग्रजी शिवी असते, घालणाऱ्याला पत्ता नसतो. पण काकूंनी पुढचं सांगितलं तेव्हा हसू थांबलं. एकाच दिवशी पाच पोरांनी सारखे शर्ट घेतले होते आणि पैसे दिले होते तालुक्यातल्या एका 'दादा'नं. तोच दादा गाडीत पेट्रोल टाकून देतो, त्याच्या वाढदिवसाला पोरं रांगेनं गाड्या पळवतात, तलवारीनं केक कापतात. अजून काही वाईट घडलेलं नाही. पण काकूंना झोप नाही.

मग आम्ही तीन आठवडे वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. बाजारातला तो शर्ट नुसती नक्कल आहे. छापणाऱ्याला आणि दादालाही मूळ गोष्ट ठाऊक नसणार. पण ती ऐकल्यावर आम्हाला वाटलं, ही एकट्या काकूंनी ऐकून भागायचं नाही.

आता तो आकडा. इंग्रजी मुळाक्षरांत आठवं अक्षर एच आणि पहिलं ए. म्हणून ८१ म्हणजे एच-ए, म्हणजे हेल्स एंजल्स. मराठीत सांगायचं तर नरकाचे देवदूत. हा मोटारसायकलवाल्यांचा क्लब १९४८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात निघाला. तिकडे मोटारसायकलचे क्लब पुष्कळ असतात आणि बहुतेक साधे असतात. रविवारी गाड्या काढायच्या, कुठंतरी जेवायचं, घरी यायचं. पण काही क्लब आपल्या जाकिटावर मुद्दाम 'एक टक्का' असा बिल्ला लावतात. नव्व्याण्णव टक्के गाडीवाले कायदा पाळतात, आम्ही उरलेला एक टक्का, असा त्याचा अर्थ. हेल्स एंजल्सवाले म्हणतात की आमचा क्लब गाडी चालवणाऱ्यांचा आहे, कुणी गुन्हा केला तर तो त्याचा त्याचा. कॅनडातल्या न्यायालयांत मात्र वेगळंच बाहेर आलं.

या क्लबात बाई सभासद होऊ शकत नाही. बाई कुणाची तरी म्हणून वावरते. अशा क्लबांत कितीतरी बायकांच्या जाकिटावर 'अमक्याची मालमत्ता' असं लिहिलेलं असतं. हे वाचल्यावर आमच्यातली एक वहिनी म्हणाली, "आपल्या सातबाऱ्यावर नाव लागत नाही, आणि त्यांच्या पाठीवर लागतं!" असो.

कॅनडात क्वेबेक नावाचा मोठा प्रांत आहे. तिथले लोक फ्रेंच बोलतात. त्यातलं सगळ्यात मोठं शहर माँट्रियल. शहराच्या पूर्वेला ओशलागा-मेझोनव्ह नावाची कामगारांची वस्ती आहे. एके काळी तिथं कारखाने भरात होते, मग एकामागून एक बंद पडले. बाप घरी बसले, पोरं नाक्यावर आली. आपल्यातल्या कितीतरी घरांतली माणसं मुंबईला गिरणीत होती. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळात काय झालं, कुणाची पोरं कुणाच्या मागं लागली, ते आपण आपल्या सासऱ्यांकडून, चुलत्यांकडून ऐकलेलं आहे. तेव्हा हे समजायला आपल्याला कॅनडाला जायला नको.

याच वस्तीत मॉरिस बुशे नावाचा पोरगा वाढला. शाळा अर्ध्यात सुटली, चोऱ्यामाऱ्या केल्या, पुढं १९८७ मध्ये तो हेल्स एंजल्सचा झाला. त्याचं टोपणनाव ऐका: 'मॉम', म्हणजे आई. सोबतच्या पोरांची आईसारखी विचारपूस करतो म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. या आईनं किती आयांची कूस रिकामी केली, ते पुढं येईल.

बुशेचा एक जुना दोस्त होता, साल्व्हातोरे काझेत्ता. दोघं एकाच टोळीत वाढलेले. पण १९८५ मध्ये हेल्स एंजल्सनी आपल्याच पाच माणसांना बैठकीला बोलावून मारलं आणि प्रेतं नदीत टाकली. आपल्याच माणसांना मारणाऱ्यांच्यात जायचं नाही म्हणून काझेत्तानं दुसऱ्या वर्षी स्वतःची टोळी काढली. तिचं नाव रॉक मशीन. काही वर्षं दोघांचं आपापलं चाललं. १९९४ मध्ये काझेत्ता पकडला गेला आणि त्याच वर्षी भांडणाला तोंड फुटलं.

भांडण मानापानाचं दिसतं, पण मुळात ते बाजाराचं होतं. अमली पदार्थ विकायची जागा कुणाची? कुठला दारूचा गुत्ता कुणाचा, कुठला नाका कुणाचा? हेल्स एंजल्सचं म्हणणं होतं की शहरात माल विकायचा तर आमच्याकडूनच घ्यायचा. रॉक मशीनकडे जे गोळा झाले, त्यांना हे मान्य नव्हतं. बस, एवढंच. कुठल्याही बाजारात आडत्यांची भांडणं होतात, तसलंच. फरक एवढाच, की इथं तराजूच्या जागी बॉम्ब होता.

आता काकूंच्या नातवाशी ज्याचा संबंध आहे, तो भाग. पाठीवर पंखवाली कवटी लावणारे पक्के सभासद थोडे असतात. ते स्वतः नाक्यावर उभे राहत नाहीत, स्वतः सहसा गोळी झाडत नाहीत. त्यांच्या हाताखाली दुसरे छोटे क्लब असतात. तिथले पोलीस त्यांना कळसूत्री बाहुल्यांचे क्लब म्हणतात. बुशेनं १९९२ मध्ये असा एक क्लब काढला, रॉकर्स. आजूबाजूच्या गावांत आणखी होते, डेथ रायडर्स, रौडी क्रू, ईव्हिल वन्स. या क्लबांच्याही खाली गल्लीतली पोरं. प्रत्येक पोराला वर चढायची आस. आधी नुसता ओळखीचा, मग मागं-पुढं करणारा, मग उमेदवार, मग सभासद. उमेदवारानं काय करायचं? मोठे जेवायला बसले की बाहेर थंडीत पहारा द्यायचा. गाडी चालवायची. सामान न्यायचं, आत काय आहे विचारायचं नाही. सांगितलं की जायचं.

रॉकर्समध्ये दोन गट होते, एकाला फुटबॉलचा संघ म्हणत आणि दुसऱ्याला बेसबॉलचा. बेसबॉलवाल्यांनी माणसांना मारहाण करायची. फुटबॉलवाल्यांनी जीव घ्यायचा. आणि प्रत्येक सभासदानं आपल्या कमाईतले दहा टक्के एका सामाईक फंडात भरायचे. हे वाचताना आम्ही एकमेकींकडे बघितलं. आपणही महिन्याला हप्ता भरतो, फंडातून अडल्या-नडलेलीला देतो. त्यांचा फंडही अडल्या-नडलेल्यांसाठीच होता, वकिलाची फी, तुरुंगातल्यांचा खर्च, हत्यारं. वही त्यांचीही चोख असायची. १९९५ मध्ये बुशेनं सगळ्यांच्या वर नोमॅड्स नावाची तुकडी केली. तिच्यातली मोजकी माणसं कोकेनचा भाव ठरवत, किलोला पन्नास हजार डॉलर. त्याखाली कुणी विकलं तर त्याची खैर नव्हती.

१९९४ ते २००२ अशी आठ वर्षं हे चाललं. एकशे साठाच्या वर माणसं मेली, ऐंशीच्या वर बॉम्बस्फोट झाले. सुरुवातीला गावातले लोक काय म्हणायचे? मरू देत एकमेकांना मारून, आपल्याला काय. आपल्याकडेही असंच म्हणतात, नाही का? दोन दादांची मारामारी झाली की आपण कडी लावून घेतो.

९ ऑगस्ट १९९५. माँट्रियलच्या त्याच कामगार वस्तीत रस्त्याच्या कडेला एका जीपमध्ये स्फोट झाला. जीपमध्ये अमली पदार्थ विकणारा एक तरुण होता, तो जागेवर गेला. रस्त्यापलीकडे डॅनियल देरोशे नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आपल्या मित्राबरोबर खेळत होता. उन्हाळ्याच्या सुटीचे दिवस होते. जीपचा एक तुकडा उडून त्याच्या डोक्यात घुसला. चार दिवस तो दवाखान्यात बेशुद्ध होता. १३ ऑगस्टला गेला.

हे लिहिताना आमच्यातल्या तिघी-चौघी उठून बाहेर गेल्या. अकरा वर्षांचा म्हणजे पाचवी-सहावीतला पोर.

त्याच्या आईचं नाव जोझे-आन देरोशे. साधी बाई, त्याच गरीब वस्तीतली. तिला कायदा माहीत नव्हता, कुणी पुढारी ओळखीचा नव्हता. घरात बसून रडली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण ती कॅमेऱ्यापुढं उभी राहिली आणि बोलत राहिली. टोळ्यांसाठी वेगळा कायदा करा, हे तिचं मागणं. सभेत, वर्तमानपत्रात, पुढाऱ्यांच्या समोर तिनं तेच तेच मागितलं. एक लक्षात घ्या, त्या वस्तीत ज्यांच्याविरुद्ध ती बोलत होती, ती माणसं चार गल्ल्या सोडून राहत होती.

त्या वर्षी पोलिसांनी वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकत्र करून एक खास पथक बनवलं. आणि १९९७ मध्ये कॅनडाच्या संसदेनं गुन्हेगारी संघटनांविरुद्ध कायदा केला. त्यात टोळी म्हणजे पाच किंवा जास्त माणसं असं धरलं होतं. ते सिद्ध करणं फार किचकट निघालं, म्हणून पुढं दुसरा कायदा आला आणि पाचाचे तीन झाले. आपल्या महाराष्ट्रात १९९९ चा मोक्का आहे, त्यात दोन माणसांचीही टोळी धरतात. वाढदिवसाच्या रांगेत गाडी पळवणाऱ्या पोरांच्या आयांना हे माहीत असलेलं बरं.

कायदा झाला म्हणून गोळ्या थांबल्या नाहीत. उलट त्याच वर्षी बुशेनं एक भयंकर डाव टाकला. त्याला भीती होती की आपलीच पोरं पकडली गेली की पोलिसांना सगळं सांगतील. मग त्यानं ठरवलं की पोरांकडून असा गुन्हा करवायचा, ज्याला माफीच नाही. तुरुंगातल्या सरकारी रक्षकांना मारायचं. असा खून केलेल्याशी सरकार सौदा करणार नाही, म्हणजे तो तोंड उघडणार नाही. जून १९९७ मध्ये तुरुंगात नोकरी करणारी एक बाई ड्यूटी संपवून गाडीनं घरी निघाली होती. दोन मुलांची आई. मोटारसायकलवरून दोघं आले आणि चालत्या गाडीत तिला गोळ्या घातल्या. तिचं कुणाशी वैर नव्हतं. अंगावर गणवेश होता, एवढंच कारण. सप्टेंबरात आणखी एक रक्षक मारला.

बाईला मारणारा स्तेफान गान्ये हा त्याच वस्तीतला. नाक्यावर माल विकणारा पोरगा. त्याची कहाणी ऐका. काही वर्षांपूर्वी तो तुरुंगात असताना रॉक मशीनच्या कैद्यांनी त्याला बुशेच्या फोटोवर पाय द्यायला सांगितलं. त्यानं दिला नाही आणि बेदम मार खाल्ला. ही निष्ठा बुशेच्या कानावर गेली आणि पोरगा जवळचा झाला. आमच्यातली एक आक्का म्हणाल्या, "आईबापाच्या फोटोला हार घालायला सांगितला तर घालत नाहीत, आणि ह्यांच्या फोटोसाठी मार खातात." त्या निष्ठेचं बक्षीस म्हणून त्याच्या हातात पिस्तूल आलं. पुढं त्यानं कोर्टात सांगितलं की मारताना समोर बाई आहे हे त्याला कळलंच नव्हतं. आणि बुशेनं त्याला वर समजावलं की बाई असली म्हणून काय बिघडलं.

पण बुशेचा हिशेब चुकला. डिसेंबरात गान्ये पकडला गेला आणि त्याच रात्री बोलायला लागला. त्याच्या बरोबर मोटारसायकलवर असलेला दुसरा? त्याचं जळालेलं प्रेत दोन-तीन महिन्यांत सापडलं. टोळीनंच त्याला संपवला होता. त्यालाही बढतीच मिळाली होती.

बुशेवर खटला उभा राहिला. तिथं न्यायाधीशाबरोबर साध्या बारा नागरिकांचं मंडळ बसतं, तेच दोषी की निर्दोष ते ठरवतं. सुनावणीला टोळीची माणसं येऊन बसायची आणि त्या बारा जणांकडे टक लावून बघायची. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचं. नोव्हेंबर १९९८ मध्ये बुशे निर्दोष सुटला. त्याच रात्री तो मुष्टियुद्धाचा सामना बघायला गेला, तेव्हा तिथल्या गर्दीनं त्याचं टाळ्या वाजवून स्वागत केलं. आम्हाला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. त्या टाळ्या वाजवणारे काही गुंड नव्हते. तिकीट काढून आलेली तुमच्या-आमच्यासारखी माणसं होती.

आता शेतकऱ्यांचं सांगतो, कारण ते आपल्या जवळचं आहे. क्वेबेकच्या खेड्यांत मक्याची मोठी शेती असते. मका पुरुषभर वाढला की आत काय आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. या टोळ्यांची माणसं उभ्या मक्यात गांजाची रोपं लावायची. शेतकऱ्याला विचारायचं नाही. त्यानं काही करायचं नाही, नुसती डोळेझाक करायची. बोललास तर गोठा जळेल, पोरं शाळेत जातात त्यांची काळजी घे, असा निरोप यायचा. शेतकरी गप्प बसले. शेवटी इव्हाँ लुबिये नावाच्या तिथल्या खासदारानं हा विषय उघड्यावर मांडला. त्याच्या कुटुंबालाही धमक्या आल्या, पोलीस संरक्षणात राहावं लागलं. विचार करा, शेत तुमचं, बी तुमचं, खत तुमचं, आणि तुमच्याच बांधावर जायची तुम्हालाच भीती.

सन २००० मध्ये मात्र लोकांचा धीर संपला. सप्टेंबरात मिशेल ओझे नावाच्या पत्रकाराला त्याच्या वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर, गाड्या लावायच्या जागेत, पाठीत गोळ्या घातल्या. तो वर्षानुवर्षं या टोळ्यांवर लिहीत होता. माणूस इतका खमक्या, की गोळ्या लागलेल्या अवस्थेत त्यानं स्वतःच फोन करून मदत बोलावली. वाचला, आणि पुन्हा लिहायला लागला. पत्रकार रस्त्यावर उतरले. पुढच्या महिन्यात माँट्रियलजवळच्या गावात एका तरुण गुत्तेवाल्याला भर दिवसा लाठ्यांनी मारून टाकलं. वय २९. त्याचा गुन्हा एवढाच, की माझ्या गुत्त्यात गर्द विकायचं नाही असं त्यानं सांगितलं होतं. त्याच्यासाठीही लोकांनी मोर्चा काढला.

मधेच दोन्ही टोळ्यांच्या म्होरक्यांनी समेट केला. एका हॉटेलात बसून जेवले, हातात हात घेतले, फोटो काढून पेपरला दिला. ज्यांची पोरं सहा वर्षं एकमेकांना मारत होती, ते एका टेबलावर जेवत होते. मेलेल्या पोरांच्या आयांनी तो फोटो बघितला असेल का, हे आम्ही पुष्कळ वेळ बोलत होतो.

समेट टिकला नाही. पण सरकारही आता जागं झालं होतं. वरच्या कोर्टानं बुशेचा निकाल फिरवून नवा खटला चालवायला सांगितलं होतं. २८ मार्च २००१ ला पहाटे सुमारे दोन हजार पोलिसांनी एकदम छापे घातले, शंभराहून जास्त माणसं उचलली. इतके आरोपी की त्यांच्यासाठी तुरुंगाजवळ नवं न्यायालय बांधावं लागलं. मे २००२ मध्ये नव्या मंडळानं अकरा दिवस विचार केला आणि बुशेला दोषी ठरवलं. जन्मठेप, पंचवीस वर्षं सुटकेचा अर्जही नाही. त्याचा मुलगाही रॉकर्समध्ये होता, त्यालाही तुरुंगवास झाला. बुशे २०२२ मध्ये कैदेतच कर्करोगानं वारला.

आणखी एक माणूस सांगायचा राहिला, तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. ग्रेगरी वुली. हैती नावाच्या देशातून आलेल्या काळ्या लोकांपैकी. माँट्रियलच्या गल्लीतल्या काळ्या पोरांच्या टोळ्या आणि हेल्स एंजल्स यांच्यामधला तो पूल होता. त्या पोरांनी रस्त्यावर विकायचं, मारामाऱ्या करायच्या, दुसऱ्या गल्लीतल्या आपल्यासारख्याच पोरांवर गोळ्या झाडायच्या, आणि पैसा वर पोचवायचा. वुली स्वतः रॉकर्सपर्यंत चढला. त्याच्यावर? कधीच नाही. कारण हेल्स एंजल्स काळ्या माणसाला सभासद करत नाहीत. जन्मभर त्या कवटीसाठी राबला आणि ती कवटी त्याच्या पाठीवर कधी आली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका गावात, आपल्या बायका-पोरासमोर, गाड्या लावायच्या जागेत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. जातीपातीचं आपल्याला काय सांगायचं, मैत्रिणींनो. दादाच्या गाडीमागं धावणारी पोरं कुठल्या वस्तीतली असतात आणि दादाच्या घरातली पोरं कुठं शिकायला असतात, ते आपापल्या गावात मोजून बघा.

असंच डेन्मार्कमध्येही झालं. १९९६ मध्ये कोपनहेगन शहरात हेल्स एंजल्सच्या घरी जेवणावळ होती, शेजारीपाजारीही बोलावले होते. विरोधी टोळीनं रणगाडे फोडायचं रॉकेट त्या घरावर सोडलं. दोघं मेले. त्यातली एक शेजारची बाई होती, एकटीनं मूल वाढवणारी. त्यानंतर सरकारनं कायदा करून अशा क्लबांना वस्तीतल्या घरांत जमायला बंदी घालता येईल अशी सोय केली. पण दहा-अकरा वर्षांनी त्याच हेल्स एंजल्सनी गल्लीतल्या तरुण पोरांची नवी टोळी उभी केली. नाव ठेवलं एके ८१. शेवटचा आकडा तोच, काकूंच्या नातवाच्या छातीवरचा. मोठ्यांच्या भांडणात पुढं करायला पोरं लागतातच. तिकडे स्थलांतरितांच्या पोरांच्या टोळ्यांशी त्यांचं वैर पेटलं आणि कोपनहेगनच्या रस्त्यावर पुन्हा गोळ्या सुरू झाल्या. ८१ आकड्याचे शर्ट हा क्लब स्वतःही विकतो. 'पाठिंबा द्या' म्हणून. तो पैसा क्लबाला जातो.

आम्ही हे सगळं त्या नातवाला सांगितलं. काकूंच्या ओसरीवर, चटणी-भाकरी खाता खाता. उपदेश केला नाही, गोष्ट सांगितली. ८१ चा अर्थ ऐकून तो हसला, म्हणाला, "मावशी, आम्हाला काय माहीत, डिझाईन भारी होतं." डॅनियलचं ऐकताना भाकरी हातात तशीच राहिली. वुलीचं ऐकून मात्र त्यानं दोनदा विचारलं, "म्हणजे त्याला कधीच घेतलं नाही?" मग बऱ्याच वेळानं सांगितलं, की दादानं मागच्या आठवड्यात एक पिशवी ठेवायला दिली होती. दोन दिवसांनी परत नेली. आत काय होतं, त्यानं बघितलं नव्हतं.

काकू उठून चुलीपाशी गेल्या. आम्हीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या चार पोरांच्या आयांना आम्ही गटाच्या खोलीत बोलावलं. दोघी आल्या. एकीनं "माझा तसला नाही" म्हणून निरोप पाठवला. चौथीचा नवराच दादाच्या गाडीवर चालक आहे, ती कशी येणार. आलेल्या दोघींपैकी एकीला पिशवीचं ऐकून घाम फुटला, कारण तिच्या माळ्यावरही आठ दिवस एक पिशवी होती. आम्ही पाचजणी मिळून पोलीस पाटलांकडे गेलो. एकटी कुणी गेली नाही आणि कुणाच्या एकीच्या नावानं बोललो नाही, गटाच्या नावानं बोललो. पाटलांनी ऐकून घेतलं आहे. पुढं काय होतं ते बघू.

डॅनियलच्या स्फोटासाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. एवढे खटले झाले, एवढी माणसं आत गेली, पण ती जीप कुणी उडवली ते कोर्टात कधी ठरलं नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या गुरुवारी दुपारी याच वेळेला तालुक्याच्या वकीलताई येणार आहेत. अठरा वर्षांखालच्या पोराकडे अशी पिशवी सापडली तर काय होतं, आईनं आधीच जाऊन सांगितलं तर काय होतं, पोलीस ठाण्यात मुलाला कसं बसवायचं असतं, हे सगळं त्या सांगतील. तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा, नाव घालायची गरज नाही. आमची एक ताई बुधवारी वह्या गोळा करायला येईल.

तो टी-शर्ट काकूंनी केंद्रावरच ठेवला आहे. आम्ही आता त्यानं टेबल पुसतो.